ओसंडलं म्हणायचं

गेल्या वर्षी माझ्या मावसबहिणीच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती. होम आटपला होता, पंगतीची पानं मांडायला घेतली होती, आणि लोक नव्या चकचकीत फरशीवर पाहुण्याच्या घरी टाकतात तशी जपून पावलं टाकत होते. तेवढ्यात हॉलच्या कोपऱ्यातून आवाज आला. टक, टक, टक, ठप्प. परत टक, टक, ठप्प. भटजींनीसुद्धा मान वळवली. कोपऱ्यात आमचे तात्या उकिडवे बसले होते. हातात एक रुपयाचं नाणं, मान एका बाजूला कललेली, डोळे मिटलेले. वैद्यानं नाडी धरावी तशी त्यांनी फरशी धरली होती.

"ही बोलत्या," तात्या म्हणाले. "खाली माल भरलेला न्हाई. पोकळ हाय. बिल्डरला आजच कळवा. फोन न्हाई करायचा, कागद द्यायचा. तारीख घालून."

मावसबहिणीच्या नवऱ्याचा चेहरा उतरला. पन्नास लाखांचं घर, त्यात त्याला दिवसभर ती एकच फरशी दिसत राहिली. जिलेबी वाढायला आला तरी नजर कोपऱ्यात. जाताना तात्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि पुस्ती जोडली, "तशी घाई न्हाई. पाणी जाईपर्यंत काय व्हायचं न्हाई तिला."

तात्या माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. राहायला डोंगरावर. आमच्या बोलण्यात नुसतं 'डोंगर' म्हटलं की जोतिबाचा. दुसरा कुठला असला तर त्याचं नाव घ्यावं लागतं. कोल्हापूरपासून अठराएक किलोमीटर, समुद्रसपाटीपासून तीन हजार शंभर फुटांच्या आसपास. कागदावर गावाचं नाव वाडी रत्नागिरी, तालुका पन्हाळा. या नावापायी तात्यांची कितीतरी पत्रं आधी रत्नागिरी जिल्ह्यात समुद्र बघून येतात आणि मग डोंगर चढतात. घरात पिढ्यान्‌पिढ्या यात्रेकरू उतरतात. कराडकडची चार घरं, सांगोल्याकडची सहा, सगळी ठरलेली. आजा यायचा, आता नातू येतो. उंबऱ्यापासून देवघरापर्यंत सगळ्याला गुलालाचा रंग. काकू म्हणतात, या घरात पांढरी अशी वस्तू एकच, ह्यांचं डोकं.

असा एक माणूस प्रत्येक घराण्यात असतो. कुणाचा कोर्टातला बांधाचा दावा, कुणाचं पेन्शनमधल्या चुकीचं प्रकरण, कुणाचं वीजबिल. एकदा कधीतरी त्या माणसाचा सरकारशी किंवा कंपनीशी सामना होतो आणि पुढं आयुष्यभर तो त्याच सामन्यात राहतो. मुलाच्या लग्नाची तारीख त्याला आठवणार नाही, पण पत्राचा जावक क्रमांक आठवेल. तात्यांचं प्रकरण आहे भिजलेल्या फरशीचं, आणि ती भिजली कुठं तर जोतिबाच्या डोंगरावर, हेच सगळ्याचं मूळ.

पण त्याच्याही आधी चिखली आहे.

२०१९ चा ऑगस्ट. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यापाशी इशारा पातळी ३९ फूट, धोक्याची ४३. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीला पुणे-बंगळूर हायवेवर पाणी, शहरात होड्या. कोल्हापूरकर पावसाळ्यात हवापाण्याच्या गप्पा मारत नाही, राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडले ते विचारतो. सात दरवाजे आहेत, सगळे आपोआप उघडणारे. त्या आठवड्यात तात्या डोंगराच्या कडेला उभे राहायचे, धुकं फाटलं की खाली तांबडं पाणीच पाणी दिसायचं आणि त्यात कुठंतरी काकूंचं माहेर, प्रयाग चिखली. काकूंचा भाऊ बायकापोरांसह अकरा दिवस तात्यांकडं होता. पाणी उतरल्यावर तो खाली गेला, चिखल उपसला, घर धुतलं, आणि गणपती तोंडावर म्हणून भिंतींना चुना मारला. मग पंचनाम्याची माणसं आली. त्यांनी विचारलं, पाणी कुठवर होतं? मेव्हण्यानं छातीवर हात ठेवून दाखवलं. त्यांनी पांढऱ्याशुभ्र भिंतीकडं बघितलं, परत मेव्हण्याच्या छातीकडं बघितलं. अख्खं गाव पाण्यात होतं हे त्यांनाही माहीत होतं, त्यामुळं शेवटी नाव यादीत गेलं. पण त्या मधल्या अर्ध्या मिनिटात मेव्हण्याला आपण खोटं बोलतोय असं वाटलं, आणि तात्या तिथं हजर होते. ते अर्धं मिनिट त्यांनी उचलून डोंगरावर आणलं.

तेव्हापासून त्यांचं पहिलं वाक्य तयार झालं. "डाग पुसायचा न्हाई. डाग म्हंजे पुरावा."

विमा आला तो मुलामुळं. मुलगा पुण्याला. त्यानं २०२१ मध्ये घरदुरुस्तीला कर्ज काढलं, त्याबरोबर बँकेनं घराची पॉलिसी दिली. त्या वर्षीच्या १ एप्रिलपासून घराच्या विम्यासाठी 'भारत गृह रक्षा' नावाची एकाच मसुद्याची पॉलिसी सुरू झालीय, कंपनी कुठलीही असो. कर्ज काढणारे आपण सगळेच तिच्यावर सही करतो, ती कपाटात टाकतो आणि विसरतो. तात्यांनी ती वाचली. सगळी. अख्ख्या पन्हाळा तालुक्यात ती पॉलिसी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेला हा एकच माणूस असावा. रोज सकाळी पूजा झाली की पाटावर बसून एक कलम. इंग्रजी अडलं की शेजारच्या इंजिनिअरिंगच्या पोराला हाक, आणि त्यानं सांगितलेला अर्थ समासात लाल शाईनं. काकू त्याला अध्याय म्हणायच्या. "आज ह्यांचा भूकंपाचा अध्याय चाललाय, जरा थांबा."

त्या वाचनातलं बरंचसं आमच्या घराण्याला तोंडपाठ झालंय. घराच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, घरातल्या सामानाला आपोआप संरक्षण. पडझड हलवायला क्लेमच्या २ टक्क्यांपर्यंत. आणि तात्यांचं सगळ्यात लाडकं कलम, पाण्याच्या टाक्या, नळ, उपकरणं फुटणं किंवा ओसंडून वाहणं. हे म्हणताना ते 'ओसंडून' शब्दावर थोडे थांबतात.

"लक्षात ठेव, लेका. झिरपलं म्हणायचं न्हाई. ओसंडलं म्हणायचं. झिरपणं ही घराची खोड, ओसंडणं हा अपघात. खोडीचे पैसे कोण देतंय?"

एकदा त्यांनी पंगतीत घर आणि सामान यातला फरक समजावला. उचलून नेता येतं ते सामान, जागचं हलत नाही ते घर. म्हणून फरशी घरात धरायची, सतरंजी सामानात. काकू भात वाढत होत्या. म्हणाल्या, "मग तुम्हाला घरातच धराय पायजे. जेवल्यावर पान उचलून ठेवायलासुद्धा हलत न्हाईसा."

आता फरशी. आधी घरात शहाबादी होती, आजोबांच्या वेळची, गुळगुळीत, मध्यभागी खोलगट झालेली. मुलानं पुढच्या खोलीत ती काढून लाकडी फ्लोअरिंग घातलं. लाकडी म्हणजे दिसायला; आत लाकडाचा भुसा दाबून केलेली आठ मिलिमीटरची फळी आणि वर लाकडाच्या नक्षीचा कागद. पुण्याच्या फ्लॅटमध्ये ठीक. डोंगरावर जून ते सप्टेंबर ढगच घरात येऊन बसतात, मीठ पाणी सोडतं, आगपेटी चुलीजवळ ठेवावी लागते, आणि षष्ठीला चाळीस माणसं ओल्या पायांनी आत येतात. तात्यांना ते मुळीच पसंत नव्हतं. पण मुलगा हौसेनं करतोय म्हटल्यावर गप्प बसले. नंतर मात्र हीच फरशी त्यांच्या हृदयात जाऊन बसली. न आवडलेली सून आजारी पडल्यावर सासऱ्यानं तिच्यासाठी डॉक्टरांशी भांडावं तशातली गत.

२०२२ ची श्रावण षष्ठी. चोपडाईची यात्रा. आदल्या रात्री घरात बेचाळीस माणसं, पुढच्या खोलीत ओळीनं झोपलेली. डोंगरावर पाणी खालून चढवून आणलेलं, त्यामुळं ते सुटतं तेव्हा कुणी घड्याळ बघत नाही, जो तो टाकी बघतो. पहाटे एवढ्या माणसांच्या आंघोळी, म्हणून तात्यांनी माळ्यावरच्या हजार लिटरच्या टाकीची चावी पूर्ण खोलून ठेवली होती. टाकीला बॉलकॉक होता. राधानगरीला आपोआप उघडणारे सात दरवाजे. तात्यांच्या टाकीला आपोआप बंद होणारा एक, आणि तोच अडकला. रात्री अडीचला पाणी सुटलं, टाकी भरली, माळ्यावरून जिन्यानं उतरलं आणि यात्रेकरूंच्या अंथरुणात शिरलं.

जाग आली ती सांगोल्याच्या एका आजींना. अंधारात त्यांच्या हाताला पाणी लागलं. त्यांनी ओंजळीत घेतलं, डोळ्यांना लावलं आणि "चांगभलं" म्हणाल्या. बाकीचे उठेपर्यंत खोलीत दीड इंच पाणी आणि त्यात यात्रेकरूंच्या पिशव्यांतला गुलाल विरघळून सगळं गुलाबी. पाणी घोटाघोटानं जपून वापरणाऱ्या डोंगरावर, एका घरात पूर.

बायका पदर खोचून पुढं आल्या, कुणी केरसुणी घेतली, कुणी पोतं. आणि जिन्यावरून गर्जना आली, "कुणी पुसायचं न्हाई!"

तात्या लेंग्यात, हातात बॅटरी. बेचाळीस माणसांना त्यांनी भिंतीला पाठ लावून उभं केलं. मोबाईलवर फोटो. फोटोत तारीख यावी म्हणून मध्ये वर्तमानपत्र धरलं. पहाटे तीनला ते अर्थातच आदल्या दिवसाचं होतं. मग एका वहीत बेचाळीस नावं, गावं, फोन नंबर, सह्या. चार अंगठे. मग खडू घेऊन भिंतीवर आपल्या मापाची पातळी. फरशीच्या कडेच्या पट्टीपर्यंत इशारा, गॅस सिलिंडरच्या तळापर्यंत धोका. हे सगळं आटपल्यावर, पहाटे चार वाजता, पुसायची परवानगी मिळाली. एका यात्रेकरूनं नंतर मला सांगितलं, आम्ही देवाला आलो होतो का साक्षीला, हे आम्हाला दुपारपर्यंत समजलं न्हाई.

आठ दिवसांत ती फळी सांध्यासांध्यांना फुगली. चहात बुडवून विसरलेल्या खारीसारखी. पाय ठेवला की एक टोक खाली जायचं, दुसरं वर यायचं. तात्यांनी क्लेम लावला.

आणि इथं माझी चूक झाली, ती कबूल करून टाकतो. फॉर्म इंग्रजी, तो भरायला मला डोंगरावर बोलावलं होतं. नुकसानीचं कारण या रकान्यात मी घाईघाईत 'फ्लड' लिहिलं. मला वाटलं, पाणी आलं ते पूर. तात्यांना तेव्हा चष्मा सापडत नव्हता. पंधरा दिवसांनी कंपनीचं पत्र आलं, रत्नागिरीवरून फिरून. सदर ठिकाण डोंगरमाथ्यावर असल्याचे दिसते, तरी तेथे पूर कसा आला याचा खुलासा करावा.

ते पत्र तात्यांनी तीनदा वाचलं. मग माझ्याकडं बघितलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "अठरा किलोमीटर लांब नदी. तीन हजार फूट उंच डोंगर. आणि तू पूर आणलास."

माघ महिन्यात पाच रविवार कोल्हापूरची माणसं पायी चालत डोंगरावर येतात, त्याला जोतिबाचे खेटे म्हणतात. तात्यांनी उलटे खेटे सुरू केले. डोंगरावरून कोल्हापूर. रविवारी नाही, कारण रविवारी देवाचा वार आणि ऑफिस बंद, सोमवारी. सकाळची एसटी, काखेत फाईल. ती फाईल एकदा बघण्यासारखी आहे. पुठ्ठ्याचे कोपरे गुलाबी, आत प्रत्येक कागदाला प्लास्टिकची पिशवी, आणि कसर लागू नये म्हणून मधूनमधून देवाला वाहिलेल्या दवण्याच्या वाळक्या काड्या. ऑफिसच्या टेबलावर ती उघडली की तिथल्या एसीत देवळाचा वास पसरायचा. टेबलापलीकडचा माणूस आपोआप सरळ बसायचा, असं तात्यांचं म्हणणं. प्रत्येक अर्जाच्या शेवटी 'आपला विश्वासू', खाली सही, आणि सहीखाली 'चांगभलं'. एका मुलीनं विचारलं, हे आडनाव आहे का?

पाच खेट्यांत देव पावतो. तात्यांना अकरा लागले.

मध्यंतरी एका जाणत्या शेजाऱ्यानं सल्ला दिला. टीव्हीपण घाला, गादी घाला, माळ्यावरच्या ट्रंका घाला, कोण बघायला येतंय वर? यावर तात्यांनी काय करावं? त्यांनी अर्जाला आणखी एक कागद जोडला. शीर्षक, 'न भिजलेल्या वस्तूंची यादी'. टीव्ही, स्टुलावर असल्याने कोरडा. ट्रंका तीन, कोरड्या. गादी एक, फक्त कोपरा ओला, उन्हात सुकली, मागणी नाही. विम्याच्या इतिहासात अशी यादी आधी कुणी दिली असेल असं मला वाटत नाही. मी म्हटलं, तात्या, हे कशाला? म्हणाले, "खिडकी उघडली की शिखर दिसतंय. तुझ्या घरातनं काय दिसतंय?" माझ्या घरातून समोरच्यांची वाळत घातलेली धुणी दिसतात. मी गप्प बसलो.

मग सर्व्हेअर आला. तरुण पोरगा, स्कूटरवर, धुक्यात दोन वेळा रस्ता चुकून, रेनकोटातून पाणी निथळत. काकूंनी त्याला आधी चुलीपाशी बसवला आणि चहा दिला. तात्यांना ते अजिबात आवडलं नाही. तपासणीच्या आधी चहा म्हणजे लाच दिसते असं त्यांचं मत. पोरगा हुशार होता. खोलीत गेला, वाकला, भिंतीच्या खालच्या अंगाचा ओलावा बघितला आणि म्हणाला, "काका, डोंगरावर एवढा दमटपणा आहे. भिंतीतून हळूहळू ओल येऊन फळी फुगली असेल. झिरपलं असणार."

झिरपलं.

काकू सांगतात, त्या शब्दासरशी ह्यांचा चेहराच बदलला. तात्या काही बोलले नाहीत. आत गेले आणि गवंड्याकडून आदल्या दिवशीच आणून ठेवलेली पाणसळ घेऊन आले. भिंतीजवळ बसले. भिंतीवर गुलालाची एक बारीक रेघ होती, दीड इंचावर. पाण्याबरोबर गुलाल चढला, पाणी थांबलं तिथं तो थांबला, पाणी उतरलं तसा वाळून बसला. त्या रेघेला तात्यांनी पाणसळ लावली. बुडबुडा मधोमध. दुसऱ्या भिंतीला लावली. मधोमध. तिसरी, चौथी. दाराच्या चौकटीवर रेघ थोडी पुसट होती, तिथं बॅटरी मारून दाखवली.

"ओल वर चढते ती वेडीवाकडी चढते, साहेब," तात्या म्हणाले. "इथं एक बोट, तिथं वीतभर. मोरीकडं जास्त, चुलीकडं कमी. चारी भिंतींना एका रेषेत फक्त साचलेलं पाणी थांबतं. हे एकाच रात्री आलं, इथवर आलं आणि गेलं. रेघ मी काढलेली न्हाई. देवाच्या गुलालानं काढल्या."

पोरानं स्वतः पाणसळ घेऊन परत चारी भिंती तपासल्या. मग फळीचा एक तुकडा उचलून खालची बाजू बघितली. गुलाबी. तो उभा राहिला आणि वहीत काहीतरी लिहिलं. मान तिरकी करून तात्यांनी ते वाचलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा इंग्रजी शब्द न अडखळता उच्चारला. ओव्हरफ्लो.

इथपर्यंत सगळं छान होतं. मग पोरगा म्हणाला, "बाकीच्या काढलेल्या फळ्या कुठं आहेत? भंगाराची किंमत धरावी लागेल."

खोलीत शांतता. तात्यांनी काकूंकडं बघितलं. काकूंनी चुलीकडं बघितलं.

अर्ध्या फळ्या यात्रेकरूंच्या आंघोळीच्या पाण्याखाली गेल्या होत्या. "फुगलेलं लाकूड," काकू म्हणाल्या, "कशाला ठेवायचं? आणि चांगलं जळतपण न्हवतं. नुसता धूर. त्यो हिशोब आमच्याकडनं घ्या उलट." पोरगा हसला. तात्या त्या रात्री जेवले नाहीत. चुलीतली राख त्यांनी दुसऱ्या दिवशी डब्यात भरून, वर तारीख चिकटवून ठेवली. तो डबा अजून आहे.

मागणी ३८ हजारांची होती, मंजूर झाले २६ हजार ४००. सगळ्यांना वाटलं तात्या खूश होतील. ते हिरमुसले. पैशासाठी नाही. मंजुरीचं पत्र अडीच ओळींचं होतं. पाणसळ नाही, रेघ नाही, बेचाळीस साक्षीदार नाहीत, न भिजलेल्या वस्तूंची यादी नाही. पडझड हलवायच्या खर्चावर मात्र त्यांनी तासभर बोलून घेतलं. २ टक्के म्हणजे जेमतेम पाचशे रुपये, एवढ्यात डोंगरावरून एक टेम्पो खाली उतरतो काय? मी म्हटलं, पण तात्या, फळ्या तर काकूंनी जाळल्या, टेम्पो कशाला? त्यांनी माझ्याकडं बघितलं. 'फ्लड' लिहिणाऱ्यानं बोलू नये असं त्या नजरेत होतं. पुण्याला विमा लोकपाल असतो, तिथं दाद मागता येते, फी लागत नाही, हेही त्यांनी शोधून काढलं होतं. सोमवार मोकळे झाल्यामुळं तो विचार बरेच दिवस घोळत होता. शेवटी काकूंनी तोडगा काढला, "जाऊन या. येताना पोराकडं चार दिवस राहा. त्याच्या घरातबी लाकडी फरशीच हाय." तात्या गेले नाहीत.

आलेल्या पैशातून त्यांनी शहाबादी घातली. म्हणाले, देऊळ बघ. राणोजी शिंद्यांनी १७३० मध्ये बांधलं, काळा दगड, तीनशे पावसाळे होत आले, लाखो ओले पाय, वरून गुलाल, वरून नारळाचं पाणी. फुगलंय कुठं?

यानंतर तात्यांचा खरा काळ सुरू झाला. जुलै २०२४ मध्ये पंचगंगेनं पुन्हा ४३ फूट ओलांडले, आणि पाणी उतरताना खालच्या गावांतून, शहरातल्या नदीकाठच्या गल्ल्यांतून तात्यांना फोन येऊ लागले. कुणाचा कोण तरी पाहुणा, त्याचा दुकानदार मित्र. बहुतेकांकडं विमाच नसायचा. तात्या तरी जायचे. पॉलिसी असली तर क्लेम, नसली तर तलाठ्यासाठी फोटो. भिंतीवर पेन्सिलीनं रेघ, रेघेशेजारी तारीख, रेघेजवळ घरातलं माणूस उभं. रेघ दिसावी म्हणून पोरांना बाजूला सरकवायचे आणि आजीला मात्र मध्ये घ्यायचे. "आजी पायजे. आजी फोटोत असली की साहेब खोटं म्हणत न्हाई." चहाशिवाय काही घेत नाहीत, आणि चहाही सगळे कागद झाल्यावर. चिखलीच्या मेव्हण्याच्या घरी आता भिंतीला चुना मारायचा झाला तर आधी डोंगरावर फोन येतो.

नाणं मात्र सुटलेलं नाही. बँकेत रांगेत उभे असले तरी चप्पल काढून टाचेनं फरशी ठोकून बघतात. नात्यातल्या एका मुलीसाठी स्थळ बघायला गेले होते. सगळे मुलाची नोकरी विचारत होते, तात्या सोफ्याखाली वाकले होते. परत येताना गाडीत म्हणाले, "मुलगा बरा हाय. फरशी चार ठिकाणी बोलत्या. पण ते काय, भाड्याचं घर हाय." लग्न ठरलं.

परवाचीच गोष्ट. रात्री अकराला आमच्या वॉशिंग मशीनचा पाईप निसटला. मी आतून येईपर्यंत पाणी हॉलमध्ये, दिवाणाखाली, टीव्हीच्या कपाटापर्यंत. एवढ्या रात्री डोळ्यांसमोर एकच माणूस आला. फोन लावला. दुसऱ्या रिंगला उचलला.

"तात्या, घरात पाणी आलंय."

आवाजात झोपेचा लवलेश नव्हता. "कुठनं आलं? फुटलं का ओसंडलं?"

"पाईप सुटला."

"म्हंजे फुटलं. बरं. भिंतीला रेघ दिसत्या काय? किती बोटं? आजचा पेपर हाय न्हवं घरात? मी पहिल्या गाडीनं येतो. तवर कशाला हात लावू नका."

मी फोन कानाशी धरून वळलो. बायको कमरेला पदर खोचून फडकं पिळत होती. फरशी लख्ख, कोरडी, फिनेलचा वास.

"तात्या," मी म्हटलं, "हिनं पुसलं."

पलीकडं काहीच आवाज नाही. डोंगरावरचा वारा तेवढा फोनमधून ऐकू येत होता. मग लांबून काकूंचा झोपाळलेला आवाज आला, "काय झालं हो? कुणाचा फोन?"

तात्यांनी फोन कानापासून बाजूला घेतला असावा. एखाद्याच्या घरचं वाईट कळवावं तशा हलक्या आवाजात ते म्हणाले, "पुसलं म्हणं."